एक इंच म्हणजे दहा फूट

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे. इथे अशा खोलीला बॉक्स रूम म्हणतात; तिच्यात पलंग टाकला की कपाटाचे दार उघडायला जागा उरत नाही. लांबी पावणेतीन मीटर, रुंदी दोन मीटरला थोडी कमी. गेल्या हिवाळ्यात एका रात्री मुलगा झोपल्यावर मी या खोलीतल्या टेबलाच्या कडेला दोन इंजिने शेजारी शेजारी उभी केली, दिवा जवळ ओढला आणि गुडघे टेकून, डोळे रुळांच्या पातळीला आणून, दोन्हींकडे समोरून पाहिले. नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या आणि १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या 'फ्लाइंग स्कॉट्समन' या एकाच इंजिनाच्या त्या दोन प्रतिकृती होत्या. डावीकडची डबल ओ या ब्रिटनमध्ये सर्वांत रुळलेल्या प्रमाणातली, उजवीकडची टीटी:१२० या इथे नव्याने आलेल्या, मूळ वस्तू १२० पट लहान करणाऱ्या प्रमाणातली.

डावीकडचे इंजिन दीडपटीहून थोडे अधिक मोठे आणि बरेच जड आहे. मी ते पंधरा वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतले आणि ते मला अजूनही प्रिय आहे. तरीही समोरून पाहताना एक गोष्ट लपत नाही. अंगाने भरलेल्या माणसाने दोन्ही पाय जुळवून उभे राहावे तशी त्याची चाके आत ओढलेली दिसतात. उजवीकडचे इंजिन जेमतेम अठरा सेंटिमीटर लांब आहे, पण त्याचे पाय जिथे असायला हवेत तिथे आहेत. खरे फ्लाइंग स्कॉट्समन मी एकदा फलाटाच्या टोकाशी उभी राहून समोरून पाहिले आहे. त्याची ती रुंद, जमिनीला धरून असलेली ठेवण या लहानशा प्रतिकृतीत मला प्रथमच दिसली. या लेखात जी आशा मांडायची आहे ती सगळी त्या दृश्यातून निघते, म्हणून तेथूनच सुरुवात केली.

हा फरक का पडला हे सांगण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ब्रिटनच्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आहे. डबल ओ प्रमाणात खऱ्या एका फुटासाठी चार मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या ७६.२ पट लहान असते. त्या हिशेबाने रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवे. प्रत्यक्षात डबल ओच्या रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते, कारण ते रूळ मुळात ३.५ मिलिमीटरला एक फूट या, युरोप आणि अमेरिकेत चालणाऱ्या प्रमाणाचे आहेत. ब्रिटनमधले बोगदे आणि पूल फार आधी बांधले गेले आणि ते अरुंद आहेत. त्यामुळे इथली इंजिने आणि डबेही युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान. शंभर वर्षांपूर्वीच्या खेळण्यातल्या मोटारी आणि जाड पत्र्याची चाके ३.५ मिलिमीटरच्या ब्रिटिश इंजिनात मावेनात, म्हणून कारखानदारांनी वरचे अंग थोडे मोठे केले आणि खालचे रूळ तसेच ठेवले. 'हॉर्नबी डब्लो' ही खेळण्यातली रेल्वे १९३८ मध्ये बाजारात आली तीही याच तडजोडीवर, आणि पुढे ती तडजोड हीच रीत होऊन बसली. घरोघरी त्याच मापाचे रूळ झाले, दुकानांत त्याच मापाचा माल झाला; मग माप बदलणे कोणाच्याही हातात राहिले नाही.

ही चूक ज्यांना सहन झाली नाही त्यांनी १८.२ मिलिमीटरचे आणि काहींनी थेट १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने घालायला सुरुवात केली. प्रदर्शनांत त्यांची कामे पाहताना मी बराच वेळ हलत नाही. परंतु त्या वाटेने जाणाऱ्याला प्रत्येक इंजिनाची चाके बदलावी लागतात, प्रत्येक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, स्वतः जोडावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ नोकरी, घर आणि शाळेची ने-आण सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला मिळत नाही. एन या आणखी लहान प्रमाणातही ब्रिटनने तेच केले: युरोप-अमेरिकेत १:१६० चालते तिथे इथे १:१४८ धरले आणि रूळ मात्र ९ मिलिमीटरचेच ठेवले. तिथे चूक लहान आहे, पण आहेच.

टीटी:१२० मध्ये ती नाही. १४३५ ला १२० ने भागले की ११.९६ येतात आणि रूळ १२ मिलिमीटरचे आहेत. घरातल्या खोलीत मावणाऱ्या तयार ब्रिटिश गाड्यांमध्ये रूळ आणि गाडी यांचे इतके नेमके जुळणे मी याआधी पाहिले नव्हते. शिवाय या प्रमाणात खरे दहा फूट म्हणजे बरोबर एक इंच, आणि एक फूट म्हणजे इंचाचा दहावा भाग. ब्रिटिश रेल्वेचे जुने नकाशे सगळे फुटांत असतात. त्यावरून काम करणाऱ्याला हे केवढे सुख आहे ते ज्याने ७६.२ ने भागाकार करत रात्री घालवल्या त्यालाच कळेल. सहा फूट उंचीचा स्टेशन मास्तर पंधरा मिलिमीटरचा होतो. साठ फुटांची मालाची शेड सहा इंचांची होते. मोजपट्टी नकाशावर ठेवायची आणि त्याच मोजपट्टीने पुठ्ठा कापायचा.

टीटी हे नाव 'टेबल टॉप'वरून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच अमेरिकेत इंडियाना राज्यात हॅल जॉइस यांनी इंचाच्या दहाव्या भागाला एक फूट धरून हे प्रमाण सुरू केले. अमेरिकेत ते फारसे टिकले नाही. ते रुजले पूर्व जर्मनीत. बर्लिनच्या त्सॉइके कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्या मापाच्या गाड्या काढल्या, आणि लहान सदनिकांत राहणाऱ्या तिथल्या माणसांना त्या सोयीच्या वाटल्या. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड या पट्ट्यात अनेक मुलांच्या हाती पहिली आगगाडी याच मापाची आली. पुढे देश बदलले, कंपन्या बदलल्या, तरी ते काम सॅक्सनीतल्या झेबनित्स गावी टिलिग या नावाने चालूच राहिले. मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडे जागा कमी होती त्यांनी हे प्रमाण जगवले.

ब्रिटनमध्ये टीटी याआधी एकदा येऊन गेली आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो. १९५७ मध्ये ट्राय-अँग कंपनीने टीटी नावाने गाड्या आणल्या. रूळ १२ मिलिमीटरचेच होते, परंतु वरची गाडी त्यांनी तीन मिलिमीटरला एक फूट या हिशेबाने, म्हणजे १:१०१.६ ने केली. पुन्हा तेच झाले. खाली एक माप, वर दुसरे. १९६०च्या दशकात माल येईनासा झाला आणि दशक संपण्याआधीच ती टीटी दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या चाहत्यांनी १९६५ मध्ये आपली संस्था काढली आणि एकमेकांना सुटे भाग पुरवत, स्वतः घडवत, ते प्रमाण आजतागायत जिवंत ठेवले. या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे.

आमच्या छोट्या रेल्वेच्या क्लबमध्ये शहात्तर वर्षांचे एक आजोबा येतात. (मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणते, तोंडाने अर्थातच इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारते.) त्यांना आठव्या वर्षी, १९५७ च्या नाताळात, ट्राय-अँगचे पहिले इंजिन मिळाले: 'जिंटी' या लाडक्या नावाने ओळखले जाणारे, सहा चाकांचे, काळे, टाकीवाले. दरवर्षी वाढदिवसाला एक डबा किंवा एक वाघीण (मालडबा) असे करत त्यांनी ती रेल्वे वाढवली आणि पंधराव्या वर्षी एका शनिवारी दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने काउंटरवर उरलेल्या तीन वाघिणी ठेवून 'आता एवढ्याच' असे सांगितले. मी पहिल्यांदा क्लबमध्ये टीटी:१२० चा संच नेला तेव्हा सगळे भोवती जमले, पण ते खुर्चीतून उठले नाहीत. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, मी एकदा मागे राहिलो आहे. तू जरा जपून."

त्यांचे ते बोलणे मी विसरलेले नाही. २०२२ मध्ये पेको कंपनीने टीटी:१२० चे रूळ आणि सांधे आणले आणि त्याच वर्षी हॉर्नबीने इंजिने, डबे आणि संच जाहीर केले, त्याच्या माझ्या आनंदावर आता त्यांच्या बोलण्याची सावली आहे. पेको ही डेव्हनच्या किनाऱ्यावरील बिअर गावातली जुनी, रुळांसाठी नावाजलेली कंपनी. तिने रूळ घालायचे ठरवणे याला वजन आहे, कारण साचे महाग असतात आणि ते पुढची अनेक वर्षे डोळ्यांसमोर ठेवूनच केले जातात. हॉर्नबीचा माल सुरुवातीला फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळे, पुढे तो दुकानांतही येऊ लागला. हा बदल मला फार आवश्यक वाटतो. घरच्यांचा हात धरून दुकानात आलेले मूल काचेपलीकडची गाडी पाहते, तिचा आकार आपल्या हाताच्या तळव्याशी ताडून बघते, आणि तिथे ती त्याची होते. पडद्यावर सगळ्या गाड्या एकाच आकाराच्या दिसतात.

माझी स्वतःची ओढ कशी लागली तेही सांगते. मी पुण्यात वाढले. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी बाबा मला आणि धाकट्या भावाला तिथे घेऊन गेले. अंधार झाला, दिवे लागले, आणि त्या छोट्या शहरातून गाड्या निघाल्या. भाऊ वेगाने धावणाऱ्या गाडीकडे पाहत होता. मी पाहत होते ते सांधे. एक गाडी येते, सांधा किंचित सरकतो, गाडी दुसरीकडे वळते. हे कोण करते, ते मला कळेना. घरी येताना रिक्षात मी बाबांना तेवढेच विचारत राहिले. बाबांनी मला सांधेवाला हा शब्द सांगितला आणि त्यांच्या लहानपणी दौंडला पाहिलेल्या सांधेवाल्याची गोष्ट सांगितली. आज मी सिग्नल यंत्रणेच्या आराखड्यांचे काम करते त्याचे मूळ त्या रिक्षात आहे असे मी मानते.

इंग्लंडमध्ये आल्यावर दहा वर्षे मी रेडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला रोज जात असे. त्या काळात 'एचएसटी' या जुन्या डिझेल गाड्या अजून धावत होत्या. दोन्ही टोकांना एकेक इंजिन आणि मध्ये आठ डबे. गाडी सुटताना इंजिनाचा आवाज आधी खोल जाई आणि मग वर चढे. मे २०१९ मध्ये त्या पॅडिंग्टनच्या लांब पल्ल्याच्या सेवेतून गेल्या. ती पूर्ण गाडी, दहाच्या दहा वाहने, मला माझ्या खोलीत हवी होती. डबल ओमध्ये हिशेब केला तर ती २८८ सेंटिमीटर भरते, म्हणजे माझ्या खोलीपेक्षा लांब. उभीसुद्धा राहणार नाही, धावण्याचे तर नावच नको. टीटी:१२० मध्ये तीच गाडी १८३ सेंटिमीटर होते. भिंतीला लागून ती सरळ उभी राहते आणि पुढे-मागे थोडी वाट उरते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने सांगायचे तर डबल ओला लागणाऱ्या जागेच्या चाळीस टक्के जागेत तेच स्टेशन, तोच माल धक्का, तीच वळणे बसतात. आजची तरुण मंडळी भाड्याच्या एका खोलीत राहतात, घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. त्यांना सांगायचे असेल की हा छंद तुमच्यासाठीही आहे, तर ते या चाळीस टक्क्यांच्या बळावरच सांगता येईल.

परंतु माझी खरी आशा लांब गाड्यांविषयी नाही.

रेडिंगच्या पश्चिमेला टाइलहर्स्ट, पँगबोर्न, गोरिंग अशी स्टेशने ओलांडली की चोल्सी येते. तिथून वॉलिंगफर्डपर्यंत एक शाखा जात असे. १८६६ मध्ये ती सुरू झाली. बांधणाऱ्यांना ती पुढे वॉटलिंग्टनपर्यंत न्यायची होती, पण पैसे संपले आणि ती वॉलिंगफर्डलाच थांबली. लांबी अवघी अडीच मैल. लोक तिला प्रेमाने 'बंक' म्हणत. १९५९ मध्ये प्रवासी सेवा बंद झाली, मॉल्टच्या कारखान्यासाठी मालाची ने-आण मात्र १९८१ पर्यंत चालली. आज हौशी मंडळी काही शनिवारी-रविवारी त्या मार्गावर जुनी गाडी चालवतात. मूळ वॉलिंगफर्ड स्टेशन उरलेले नाही, तिथे घरे झाली आहेत. ते स्टेशन मला माझ्या खोलीत बांधायचे आहे: एक फलाट, विटांची छोटी इमारत, मालाची शेड, एका इंजिनापुरते घर, आणि हातावर मोजण्याइतके सांधे. मार्ग सगळा घालायचा म्हटला तर या लहान प्रमाणातही तो साडेतेहतीस मीटर होईल. म्हणून फक्त शेवटचे स्टेशन.

त्या मार्गावर फ्लाइंग स्कॉट्समन कधी आले नसेल आणि येण्याचे कारणही नव्हते. तिथे चालत असे १४०० वर्गातले छोटे टाकीवाले इंजिन. चार्ल्स कॉलेट यांच्या काळात, १९३२ ते १९३६ या वर्षांत, स्विंडनच्या कारखान्यात अशी ७५ इंजिने झाली. त्यासोबत एकच 'ऑटोकोच' असे. हा डबा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला त्याच्याइतकी शहाणी गाडी दुसरी ठाऊक नाही. लहान शाखेच्या टोकाला इंजिन सोडवून, वळसा घालून, डब्याच्या दुसऱ्या बाजूला जोडण्यात वेळ जाई. त्यावर उपाय असा केला की डब्याच्या टोकाला चालकासाठी खोली ठेवली. परतीच्या प्रवासात चालक इंजिनातून उतरून डब्याच्या त्या टोकाला जाई आणि फायरमन इंजिनावरच कोळसा टाकत राही. डब्याखालून गेलेल्या दांड्यांनी चालक तिथूनच वाफेची झडप उघडी, फायरमनला घंटेने खूण करी, आणि समोर लावलेली मोठी घंटा पायाने वाजवी. इंजिन मागून ढकलत असे. अडीच मैलांसाठी एवढी युक्ती, आणि ती रोज, कित्येक वर्षे, दप्तर घेतलेल्या मुलांसाठी आणि बाजाराला निघालेल्या बायकांसाठी चालली.

नव्या प्रमाणाची सुरुवात नामवंत इंजिनांनी होणार हे मला समजते. फ्लाइंग स्कॉट्समन आणि मॅलर्ड यांची नावे रेल्वेशी संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असतात. त्यांच्या विक्रीतूनच पुढच्या साच्यांचा पैसा उभा राहतो. मात्र एखादे प्रमाण टिकते ते त्यात साधी गाडी मिळते म्हणून, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्याकडे फक्त एक्स्प्रेस आहेत तो गाडी गोल गोल फिरवतो, एका नाताळात दमतो आणि खोके माळ्यावर ठेवतो. ज्याच्याकडे एक छोटे इंजिन, सहा वाघिणी आणि गार्डाचा डबा आहे त्याला काम मिळते: ही वाघीण शेडकडे, ती कोळशाच्या धक्क्याला, गार्डाचा डबा नेहमी शेवटी. तो शंटिंग करतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा करतो. टीटी:१२० मध्ये ०८ वर्गाचे शंटिंगचे डिझेल इंजिन लवकर आले याचा मला म्हणूनच सर्वांत जास्त आनंद झाला. ब्रिटिश रेल्वेने १९५२ ते १९६२ या काळात अशी ९९६ इंजिने बांधली. एवढ्या संख्येने असलेली, रोज कुठे ना कुठे दिसणारी वस्तू घरात हवीच. आता मला १४०० वर्ग आणि ऑटोकोच खोक्यातून काढून थेट रुळांवर ठेवता यावेत, एवढी इच्छा आहे. आणि दुधाच्या टाक्या. आणि गुरांची वाघीण.

पुढे आणखी एक अपेक्षा आहे, आणि तिच्याबाबतीत मी हट्टी आहे. कोणत्याही कंपनीने, लहान असो की मोठी, १:१२० या आकड्याला हात लावू नये. 'मोटार मावत नाही, थोडे मोठे करू' या एका वाक्याने ब्रिटनची तीन प्रमाणे बिघडली. आज मोटारी नखाएवढ्या मिळतात, दिवे तांदळाच्या कणीपेक्षा लहान झाले आहेत, इंजिनाला हुकूम देणारा डीकोडरही बोटाच्या पेरावर मावतो. जुने कारण उरलेले नाही. जर्मनीतल्या माणसाचा डबा माझ्या रुळांवर धावावा, माझी वाघीण त्याच्या इंजिनामागे लागावी. चाळीस वर्षांनी कोणी माझ्या मुलाकडून हे सामान घेईल तेव्हा त्यालाही ते तसेच जुळावे.

लहान कारागिरांवर माझी भिस्त आहे. मोठी कंपनी जे इंजिन कधी काढणार नाही ते एखादी व्यक्ती घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढते. अर्थात हे वाटते तितके सोपे नाही, हे मी स्वतः अनुभवले. डबल ओसाठी केलेली फलाटाच्या छपराच्या झालरीची फाइल मी संगणकावर ६३.५ टक्क्यांवर आणली आणि राळेच्या प्रिंटरवर छापली. एक मिलिमीटर जाडीची झालर ०.६३ मिलिमीटरची झाली. धुताना ती ठीक होती. आधाराच्या काड्या कापताना मी नेलकटर लावले आणि झालर तीन ठिकाणी तडकली. पुन्हा छापली, पुन्हा तडकली. प्रमाण लहान केले तरी राळेची ताकद त्या प्रमाणात राहत नाही. वस्तू नव्याने आखावी लागते, कुठे जाडी ठेवायची आणि कुठे फक्त जाडीचा भास द्यायचा ते ठरवावे लागते. पाचव्या वेळी मी मागच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, एक बारीक पट्टी दिली आणि झालर टिकली. ती आता स्टेशनवर आहे. तिच्या टोकदार फळ्यांमधून दुपारचे ऊन पडते तेव्हा फलाटावर दातेरी सावली येते, आणि त्या सावलीसाठी मी पाच वेळा छापायला तयार होते.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याकडे माणसे रंगवण्याचे काम आहे. पंधरा मिलिमीटरच्या माणसाला तो चिमट्याने बाटलीच्या बुचावर चिकटवतो आणि सर्वांत बारीक ब्रश घेऊन श्वास रोखतो. परवा त्याने फलाटावरच्या एका बाईला पिवळी साडी रंगवली. मूळ साच्यात ती लांब कोट घातलेली बाई आहे. त्याने कोटाच्या कडेला हिरवी रेघ ओढली आणि काठ केला. १९५० च्या वॉलिंगफर्डला पिवळ्या साडीतली बाई उतरली असेल का, असे त्याने विचारले. मी म्हटले, उतरली असेल, ऑक्सफर्ड इथून जवळ आहे, कोणाची तरी आई किंवा बहीण भेटायला आली असेल. ती बाई घड्याळाखाली उभी आहे.

माझ्या लहानशा रेल्वेत भारताचा धागा याहून जुनाही आहे. माझ्याकडे टीटी:१२० मधले ५० वर्गाचे डिझेल इंजिन आहे. तशी ५० इंजिने १९६७-६८ मध्ये न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली आणि पुढे ती पॅडिंग्टनच्या मार्गावर, रेडिंगवरून, धावली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीसाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने जी इंजिने मागवली, तीही याच व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. भारताचे रूळ मात्र १६७६ मिलिमीटरचे, म्हणून १:१२० मध्ये ते १२ वर बसत नाहीत, १४ च्या जवळ जातात. एकदा मी सहज उलटा हिशेब मांडला. १६७६ ला १०१.६ ने भागले तर उत्तर आले १६.५. ट्राय-अँगने सोडून दिलेले ते जुने तीन मिलिमीटरचे प्रमाण आणि डबल ओचे चुकीचे रूळ एकत्र आणले की भारताची ब्रॉड गेज तंतोतंत जमते! कागदावर तो आकडा पाहून मी उठून खोलीत एक फेरी मारली. कोणीतरी डेक्कन क्वीन त्या मापात करावी, असे मला फार वाटते. पण तो वेगळा संकल्प आहे आणि माझे हात सध्या वॉलिंगफर्डला गुंतले आहेत.

मार्चमध्ये क्लबचे आजोबा घरी आले. आम्ही त्यांना जेवायला बोलावले होते. भरली वांगी त्यांना तिखट लागतील या भीतीने मी दाण्याचे कूट जास्त घातले, आणि त्यांनी दोनदा वाढून घेतली. जेवणानंतर ते मुलासोबत वर गेले. मी चहा घेऊन पोहोचले तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली जिंटी काढली होती. रूळ तेच, १२ मिलिमीटरचे. त्यामुळे अडुसष्ट वर्षांपूर्वीचे ते इंजिन माझ्या नव्या रुळांवर बसले. नव्या वाघिणींशेजारी ते उंच आणि दांडगे दिसत होते. वीज द्यावी का, असे मुलाने विचारले. आजोबांनी मान हलवली आणि बोटाने इंजिन पुढे ढकलले. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात आणि माझे रूळ कमी उंचीचे आहेत, त्यामुळे रूळ धरून ठेवणाऱ्या प्रत्येक बारीक खाचेवर चाक आपटून टक टक टक असा आवाज येत गेला. फलाट संपेपर्यंत त्यांनी ते तसेच नेले, पिवळ्या साडीच्या बाईपुढून, आणि बफरपाशी थांबवले.

मग खाली वाकून, डोळे रुळांच्या पातळीला आणून, त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या ०८ कडे समोरून बराच वेळ पाहिले. निघताना त्यांनी विचारले, खिडकीखाली रुळांचा एक उरलेला तुकडा पडला आहे, साधारण फूटभर, तो तुला लागणार आहे का. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि मुलाने सोबत दोन वाघिणी ठेवल्या.